सातवा टी-शर्ट : कंपवाताच्या वासाचे एक प्रकरण

२०१२ साली एडिंबरा येथे पार्किन्सनच्या आजारावर, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्यावर, एक जाहीर व्याख्यान झाले. व्याख्याते होते एडिंबरा विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ टिलो कुनाथ. प्रश्नोत्तरे सुरू झाल्यावर श्रोत्यांतून जॉय मिल्न नावाच्या एका निवृत्त परिचारिका उठल्या आणि त्यांनी विचारले, की या रुग्णांच्या अंगाला वेगळा वास का येतो? कुनाथ यांना वाटले, की बाई रुग्णांच्या घ्राणशक्तीबद्दल विचारत आहेत. कंपवातात वास कळेनासा होतो हे त्यांना चांगले ठाऊक होते आणि त्यांनी त्याच अंगाने उत्तर दिले. बाईंनी आपला प्रश्न तो नसल्याचे स्पष्ट केले, तेव्हा मात्र त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

हा गैरसमज इंग्रजीत झाला, पण मराठीतही तो तितक्याच सहजपणे झाला असता. ‘मला वास येतो’ या वाक्यात वास घेणारा मी असतो आणि ‘दुधाला वास येतो’ या वाक्यात वास सुटलेला असतो तो दुधाला; क्रियापद तेच आणि प्रत्ययही तोच. ‘कंपवाताच्या रुग्णाला वास येतो का?’ असे कोणी विचारले, तर डॉक्टर पहिलाच अर्थ घेतील, कारण वैद्यकाच्या शिक्षणात त्यांना तोच अर्थ भेटलेला असतो. जॉय मिल्न यांच्या नाकाचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच आहे. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र त्यानंतरचा भाग : चुकीचा ऐकला गेलेला प्रश्न एका शास्त्रज्ञाने पुन्हा ऐकून घेतला आणि एका बाईची घरगुती तक्रार पायरीपायरीने तपासता येईल अशा पुराव्यापर्यंत नेली.

घरातली बारा वर्षे

जॉय आणि त्यांचे पती लेस यांची ओळख शाळकरी वयातली. पुढे जॉय परिचारिका झाल्या आणि लेस भूलतज्ज्ञ डॉक्टर. जॉय यांचे नाक लहानपणापासूनच विलक्षण तीक्ष्ण होते आणि त्यांच्या आजीचेही तसेच होते. लेस यांच्या अंगाचा वास त्यांना आवडत असे. लेस तिशी ओलांडून दोन-तीन वर्षे पुढे गेले असतील, तेव्हा तो वास बदलल्याचे जॉय यांना जाणवले. नवा वास जडसर, कस्तुरीकडे झुकणारा आणि काहीसा कुबट होता. नवरा नीट अंघोळ करत नाही, दात नीट घासत नाही, अशी त्यांची समजूत झाली आणि त्यावरून दोघांमध्ये कुरबुरी होऊ लागल्या. लेस यांना स्वतःला तो वास जाणवत नव्हता आणि घरात इतर कोणालाही जाणवत नव्हता. त्यामुळे बायको उगाच मागे लागते, असे त्यांना वाटणे साहजिक होते. पुढे जॉय यांनी तो विषय काढणे सोडून दिले.

लेस यांना ४५ व्या वर्षी कंपवाताचे निदान झाले. वास बदलल्यापासून निदान होईपर्यंत सुमारे बारा वर्षे गेली होती. हे अंतर ध्यानात ठेवायला हवे, कारण या प्रकरणाचा सगळा भार त्यावर आहे. कंपवाताचे निदान आजही मुख्यतः हालचालींवरून होते : हाताचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, मंदावलेली चाल. मेंदूच्या खोल भागातील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक नष्ट होईपर्यंत ही लक्षणे सहसा डोळ्यांत भरत नाहीत. म्हणजे डॉक्टरला रुग्ण दिसतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्या आधीच्या मोठ्या मोकळ्या पट्ट्यात एका परिचारिकेच्या नाकाला काहीतरी जाणवत होते, पण तिच्याकडे त्याला नाव नव्हते. आपल्याला जाणवणारा हा वास आणि तो आजार यांचा संबंध लागतो, हे पतीचे निदान झाल्यावरही त्यांच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले एका सभेत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभा भरतात, तशीच कंपवाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे यांची ती सभा होती. खोलीत पाऊल ठेवताच लेस यांच्या अंगचा तोच वास जॉय यांना इतरांकडूनही आला. कोणाकडून मंद, कोणाकडून उग्र. एका माणसाचा वास ही खासगी बाब असते आणि तो बदलण्याची शंभर कारणे असू शकतात. खोलीभर अनोळखी माणसांच्या अंगाला एकच वास येत असेल, आणि त्यांच्यात समान असे आजाराखेरीज काहीच नसेल, तर ते निरीक्षण ठरते. जॉय यांनी घरी परतल्यावर ते लेस यांना सांगितले. लेस स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्याचे महत्त्व त्यांना लगेच कळले, आणि त्यानंतरच एडिंबराच्या व्याख्यानात तो प्रश्न विचारला गेला.

बारा शर्ट

कुनाथ यांचे मूळ काम वासावर नव्हते. अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे जनुक दोनऐवजी चार प्रतींत असल्यामुळे ज्यांना लवकर आणि तीव्र कंपवात होतो, अशा कुटुंबातील रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून चेतापेशी वाढवण्याचे काम त्यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले होते. असा माणूस त्या संध्याकाळचा प्रश्न सहज विसरून गेला असता. काही महिन्यांनी त्यांनी तो एका सहकाऱ्याला बोलता बोलता सांगितला. कुत्र्यांना कर्करोगाचा वास ओळखता येतो असे प्रयोग झालेले आहेत, तेव्हा त्या बाईंना शोधून काढायलाच हवे, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी जॉय यांना शोधून काढले.

चाचणी साधी होती. सहा कंपवाताचे रुग्ण आणि सहा आजार नसलेली माणसे अशा बारा जणांना टी-शर्ट दिले, ते दिवसभर अंगात घालून परत घेतले आणि सांकेतिक क्रमांक घालून जॉय यांच्यापुढे ठेवले. समोर शर्टांची पाकिटे आहेत, घालणारा कोण हे माहीत नाही, आणि एकेक कापड नाकाशी नेऊन आजार आहे की नाही एवढेच सांगायचे आहे, असे ते काम होते. जॉय यांनी सहाही रुग्णांचे शर्ट बरोबर ओळखले. मात्र निरोगी गटातील एका माणसाच्या शर्टालाही तोच वास आहे, असे त्या ठासून सांगत राहिल्या. बारापैकी अकरा बरोबर आणि एक चूक, अशी नोंद झाली.

सुमारे आठ महिन्यांनी त्या ‘निरोगी’ माणसाने कुनाथ यांना कळवले, की त्याला कंपवाताचे निदान झाले आहे.

ही गोष्ट नेहमी चमत्कारासारखी सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. बारा वेळा नाणे उडवून बाराही वेळा अचूक सांगण्याची शक्यता ४,०९६ मध्ये १ असते आणि किमान अकरा वेळा अचूक सांगण्याची ४,०९६ मध्ये १३, म्हणजे साधारण ३१५ मध्ये १. केवळ अंदाजाने हे घडले नसावे, एवढे त्यावरून म्हणता येते. तरीही एक मोठी शंका उरते. निदान झालेले रुग्ण सहसा औषधे घेत असतात. बाईंना आजाराचा वास न येता औषधाचा किंवा औषधाने बदललेल्या घामाचा वास येत असेल तर? सातव्या शर्टाने नेमके याच शंकेला उत्तर दिले. तो घालणाऱ्याचे निदान झालेले नव्हते, म्हणून त्याला कंपवाताचे औषधही सुरू नव्हते, आणि तरीही वास तोच होता. जी नोंद चूक म्हणून लिहिली गेली होती, तीच बारांमधली सर्वांत बोलकी नोंद निघाली. अर्थात एका माणसावरून सिद्धांत उभा करता येत नाही आणि कुनाथ यांनी तो केलाही नाही. पुढचे काम करण्याइतका आधार मात्र त्यातून मिळाला.

आणखी एक तपशील त्याच चाचणीत हाती लागला. घामाचा वास म्हटले की आपले लक्ष काखेकडे जाते. जॉय यांच्या मते वास सर्वाधिक होता तो मानेमागे आणि पाठीच्या वरच्या भागात. तेथे घामापेक्षा तेलकट स्राव अधिक असतो. त्वचेतील तैलग्रंथींमधून पाझरणाऱ्या या स्रावाला सीबम म्हणतात. कंपवाताच्या रुग्णांची त्वचा, विशेषतः चेहरा, तेलकट होतो हे डॉक्टरांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून माहीत होते. ते एक किरकोळ लक्षण म्हणून पुस्तकात पडून राहिले होते. शेंगदाण्याचे जुने तेल खवट होते तेव्हा त्यातील घटक बदलतात आणि तो बदल डोळ्यांआधी नाकाला कळतो, हे आपल्या स्वयंपाकघरात कोणालाही सांगावे लागत नाही. खवट, कुबट, आंबूस, उग्र, खमंग असे कितीतरी नेमके शब्द मराठीत आहेत, पण रुग्णाच्या केसपेपरवर वासासाठी रकाना नसतो. सुश्रुतसंहितेत रोग जाणण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत : पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. त्या सूत्रातले नाक आणि प्रश्न या प्रकरणात एकत्र आले, हे मला येथे नोंदवावेसे वाटते.

मँचेस्टरमधील शोध

वास येतो म्हणजे हवेत काही रेणू तरंगत आहेत. ते कोणते, हे शोधण्याचे काम मँचेस्टर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ पर्डिटा बॅरन यांच्या गटाने हाती घेतले. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक द्रुपद त्रिवेदी हे होते. ६४ जणांच्या पाठीवरचा सीबम कापडी गॉजने टिपून घेतला गेला आणि त्यांत औषध सुरू न झालेले रुग्णही होते. नमुना तापवून त्यातून उडणारे पदार्थ गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडले, की ते एकमेकांपासून सुटे होतात आणि आपापल्या वेळेला पलीकडे पोचतात. तेथे प्रवाहाचे दोन भाग केलेले होते. एक भाग रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राकडे जात होता आणि दुसरा एका छोट्या नळकांड्याकडे, जेथे जॉय मिल्न नाक लावून बसलेल्या होत्या. ओळखीचा वास आला की त्यांनी खूण करायची. १९ ते २१ मिनिटांच्या दरम्यान त्यांना तो वास सर्वांत स्पष्ट येत होता, आणि रुग्ण व निरोगी यांच्यात फरक दाखवणारे रेणू यंत्रालाही त्याच पट्ट्यात सापडले. माणसाचे नाक आणि यंत्र यांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी बोट ठेवले, तो या संशोधनातील सर्वांत सुंदर क्षण आहे असे मी मानतो. हिप्युरिक आम्ल, आयकोसेन आणि ऑक्टाडेकॅनॅल हे पदार्थ रुग्णांच्या सीबममध्ये वाढलेले आढळले, तर पेरिलिक अल्डिहाइड घटलेले आढळले.

२०२२ मध्ये त्याच गटाने कापसाच्या बोळ्याने पाठ पुसून, तो नमुना कागदावर घेऊन थेट यंत्रात सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ७९ रुग्ण आणि ७१ निरोगी माणसे यांच्यावर ती तपासली होती आणि यंत्रातील काम काही मिनिटांत उरकत होते. ‘वासावरून कंपवात ओळखणारी चाचणी’ अशा बातम्या तेव्हा सर्वत्र आल्या. येथे थोडे थांबून नीट पाहायला हवे. या दुसऱ्या पद्धतीत वेगळे दिसलेले रेणू हे मुख्यतः जड स्निग्ध पदार्थ होते. इतके जड रेणू हवेत उडत नाहीत आणि जे उडत नाही त्याचा वास येत नाही. म्हणजे ही चाचणी जॉय यांना जाणवलेला वास मोजत नाही. ज्या तेलातून तो वास उठतो, त्या तेलात झालेला बदल ती मोजते. दोन्ही गोष्टी एकाच उगमाच्या असतील, पण त्या एकच नाहीत, आणि शरीरातील स्निग्ध पदार्थांचे चक्र या आजारात नेमके का बिघडते याचा उलगडा अजून व्हायचा आहे.

नाकाकडे परत नेणारे काम २०२५ च्या जुलै महिन्यात आले. ब्रिस्टल आणि मँचेस्टर येथील संशोधकांनी दोन प्रशिक्षित कुत्र्यांना, एक गोल्डन रिट्रीव्हर आणि एक काळा लॅब्रॅडॉर यांना, सीबमचे नमुने हुंगायला दिले. औषध न घेतलेल्या ४० रुग्णांचे आणि ६० निरोगी माणसांचे नमुने त्यांनी पूर्वी कधी हुंगलेले नव्हते. एका कुत्र्याने ७० टक्के आणि दुसऱ्याने ८० टक्के रुग्ण ओळखले. निरोगी माणसांना निरोगी ठरवण्यातली अचूकता ९० आणि ९८ टक्के होती. जॉय यांच्याखेरीज दुसऱ्या नाकांनाही तो वास येतो, ही यातली खरी बातमी आहे.

९८ टक्के हा आकडा वाचून मात्र कोणीही हुरळून जाऊ नये. साठीपुढच्या माणसांत कंपवात साधारण शंभरात एकाला असतो असे धरले, तर १०,००० माणसांत १०० रुग्ण असतील. त्यांतले ८० सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी २ टक्के, म्हणजे १९८ जण, विनाकारण रुग्ण ठरतील. एकूण २७८ जणांना ‘तुम्हाला कंपवात आहे’ असे सांगितले जाईल आणि त्यांपैकी खरे रुग्ण असतील फक्त ८०. म्हणून अशी चाचणी सरसकट गावोगाव लावण्यासाठी योग्य नाही. ज्यांच्यात आधीच काही संशय आहे, अशांची पुढची तपासणी कोणाची आधी करायची हे ठरवण्यासाठी ती उपयोगी पडेल.

तो दुसरा वास

आता कुनाथ यांच्या पहिल्या उत्तराकडे परत येतो, कारण ते चुकीच्या प्रश्नाचे असले तरी उत्तर म्हणून खरे होते. कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांची घ्राणशक्ती घटलेली असते आणि पुष्कळदा ती कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून घटत जाते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंच्या अभ्यासावरून मांडले, की अल्फा-सायन्यूक्लीनच्या गुठळ्या सर्वप्रथम दोन ठिकाणी दिसतात : पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या मुळाशी आणि नाकामागच्या घ्राणकंदाजवळ, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या मेंदूच्या भागाजवळ. हालचालींशी संबंधित भाग त्यानंतर ग्रासला जातो. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असतो असे नाही. तरीही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,१२३ जणांच्या पाठीच्या कण्यातील द्रव तपासणाऱ्या मोठ्या अभ्यासाने त्याला बळ दिले. बिघडलेले अल्फा-सायन्यूक्लीन शोधणारी ती चाचणी कंपवाताच्या ८७.७ टक्के रुग्णांत होकारार्थी आली. ज्ञात जनुकीय दोष नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांची घ्राणशक्ती घटलेली होती त्यांच्यात हे प्रमाण ९८.६ टक्के होते आणि ज्यांची घटलेली नव्हती त्यांच्यात ७८.३ टक्के. घ्राणशक्ती जाणे हे त्या प्रथिनाच्या बिघाडाच्या किती जवळ आहे, हे यातून दिसते.

घ्राणशक्ती मोजण्याचीही अडचण आहे. जगभर वापरली जाणारी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी तयार केलेली चाचणी म्हणजे ४० वासांची एक पुस्तिका असते. पान खरवडायचे, हुंगायचे आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. तिच्या मूळ अमेरिकी आवृत्तीत पम्पकिन पाय आणि रूट बिअर यांचे वास आहेत. साताऱ्याच्या एखाद्या आजीबाईंना रूट बिअर ओळखता आली नाही, तर दोष त्यांच्या घ्राणकंदाचा धरायचा की पुस्तिकेचा? त्यांच्यापुढे हिंग, कापूर, वेलदोडा ठेवला पाहिजे. वासाचे नाव ओळखायला न लावता घ्राणशक्ती मोजण्याच्या दिशेने पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने कोविडच्या काळात एक उपकरण वापरले आणि लक्षणे नसलेल्या बाधितांचीही घ्राणशक्ती घटलेली असते हे दाखवले. त्यातूनच एक सावधगिरीची सूचनाही निघते : वास न येण्यामागे सर्दी, सायनस, कोविड, वाढते वय अशी कितीतरी साधी कारणे असतात आणि फोडणीचा वास आला नाही म्हणून कोणीही कंपवाताच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये.

सांगायचे की नाही

लेस मिल्न २०१५ साली, ६५ व्या वर्षी गेले. या वासाचा शोध सोडू नकोस, असे वचन त्यांनी मृत्यूच्या आदल्या रात्री आपल्याकडून घेतले, असे जॉय यांनी नंतर मुलाखतींमध्ये सांगितले आहे. तरुणपणी लेस यांच्या स्वभावात पडलेला फरक आजाराचा होता हे आधी कळले असते, तर त्या वर्षांत आपण दोघे वेगळ्या रीतीने वागलो असतो, असेही त्या म्हणतात. लवकर निदानाच्या बाजूने मी वाचलेला हा सर्वांत खरा युक्तिवाद आहे. आजार थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. जी औषधे आहेत ती लक्षणे सौम्य करतात. ज्यांना हात कापण्याच्या दहा वर्षे आधी आपले भविष्य कळेल, त्यांच्या हाती आपण काय देणार, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. त्याच वेळी, आजार रोखू पाहणारी नवी औषधे पेशी शाबूत असतानाच तपासायला हवीत, आणि तशी माणसे लवकर निदानाशिवाय सापडणार नाहीत.

जॉय यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे. बाजारात किंवा रस्त्यात जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडून कधी कधी त्यांना तो वास येतो. त्या माणसाचे निदान झालेले असेल किंवा नसेल. वैद्यकीय नीतीच्या जाणकारांनी त्यांना सांगितले आहे, की अशा माणसाला थांबवून काही सांगणे योग्य नाही. आणि एका बाईने हुंगून सांगितले म्हणून आलो आहे, असे कोणी म्हणाले तर कोणता डॉक्टर त्याची तपासणी करील, असे त्याही विचारतात. वास ओळखून, काही न बोलता, त्या पुढे जातात.